घशाचा कॅन्सर : खर्च यंत्राचा की दिवसांचा?

आवाज बसला की आपल्याकडे पहिला संशय थंड पाण्यावर जातो आणि दुसरा हवेवर. गणपतीत आरत्या म्हणून बसला, दहीहंडीला ओरडून बसला, शेजारच्या बांधकामाच्या धुळीने बसला, अशी कारणे लगेच सापडतात. मिठाच्या गुळण्या, हळद घातलेले दूध, ज्येष्ठमध असे करता करता महिना निघून जातो. बहुतेकांचा आवाज खरोखरच परत येतो. पण वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढलेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांनंतरही घोगराच राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहायलाच हवे. सोबत दारूची सवय असेल तर धोका आणखी वाढतो.

स्वरतंतूंचा कॅन्सर इतर अनेक कॅन्सरपेक्षा एका बाबतीत बरा. तो लवकर हाक देतो. स्वरतंतूवर तांदळाच्या दाण्याएवढी गाठ आली तरी आवाज बदलतो. शिवाय या भागात लसिकावाहिन्या फार कमी असतात, त्यामुळे सुरुवातीच्या काळात हा कॅन्सर मानेतल्या गाठींमध्ये सहसा पसरत नाही. पहिल्या टप्प्यात, म्हणजे आजार स्वरतंतूपुरताच असताना, केवळ रेडिएशनने शंभरातल्या ८५ ते ९५ रुग्णांमध्ये तो आटोक्यात येतो. केमोथेरपीची गरज नसते, मोठे ऑपरेशन नसते आणि आवाजही बहुतांशी टिकतो.

एवढे ऐकल्यावर घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : खर्च किती येईल? त्याचे उत्तर दोन आकड्यांवर अवलंबून असते. एक आकडा रुग्णालयाच्या बिलावर छापलेला असतो. दुसरा कुठेच छापलेला नसतो, आणि सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कुटुंबासाठी तोच मोठा ठरतो.

वरळी ते परळ

वरळीच्या जांबोरी मैदानाभोवतीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, सामायिक संडास. गिरण्यांच्या काळात या खोल्यांत घरच्या माणसांबरोबर गावाकडची माणसेही राहत. त्याच सुमारास परळला केईएम रुग्णालय उभे राहिले (१९२६) आणि पुढे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले (१९४१). तेव्हापासून गिरणगावातल्या खोलीला आणखी एक काम लागले. गावाहून मोठ्या दुखण्यासाठी आलेला काका, मेहुणा किंवा भावकीतला कोणी इथेच उतरायचा आणि इथूनच परळला जायचा.

कॅन्सरच्या उपचारात या खोल्यांनी किती लॉजची बिले वाचवली, याची नोंद कोणत्याही हिशेबात नाही. पण १६० चौरस फुटांत एक आजारी माणूस आणि त्याचा सोबती सात आठवडे राहणे आणि तीन आठवडे राहणे, यातला फरक तिथे राहिलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही. आता चाळींच्या जागी टॉवर होत आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर मोठे झाले, तरी रोजंदारी बुडण्याचा प्रश्न तोच राहतो.

‘शेक’ किती दिवस?

रेडिएशनला आपल्याकडे कोणी ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाइट’. प्रत्यक्षात ना भाजते, ना काही दिसते. प्लॅस्टिकच्या साच्याने डोके-मान स्थिर केली जाते, यंत्र काही मिनिटे चालते आणि रुग्ण आपल्या पायांनी बाहेर येतो. एकूण मात्रा एकाच दिवशी दिली तर निरोगी पेशीही मरतील. म्हणून ती थोडी थोडी, सोमवार ते शुक्रवार दिली जाते. प्रत्येक वेळेला ‘सिटिंग’ म्हणतात. दोन सिटिंगच्या मधल्या वेळेत निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही.

जगभर रुळलेली जुनी पद्धत म्हणजे दर सिटिंगला २ ग्रे. (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक.) एकूण ६६ ग्रे द्यायचे तर ३३ सिटिंग लागतात, म्हणजे साडेसहा आठवडे. मात्रा हळूहळू दिली की सुरक्षित, असा त्यामागचा विचार. पण स्वरतंतूच्या कॅन्सरमध्ये हळूहळू जाण्याचा तोटाही आहे. उपचार सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी उरलेल्या कॅन्सरपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. उपचार जितका लांबेल, तितकी त्यांना संधी मिळते.

जपानमधील ओसाका येथे पहिल्या टप्प्यातील १८० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने हा मुद्दा ठळक केला. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना दर सिटिंगला २ ग्रे आणि निम्म्यांना २.२५ ग्रे देण्यात आले. फरक फक्त पाव ग्रेचा. पहिल्या गटाला ३० ते ३३ सिटिंग लागल्या, दुसऱ्याला २५ ते २८. पाच वर्षांनंतर पहिल्या गटात ७७ टक्के रुग्णांमध्ये घशातला आजार आटोक्यात होता, तर दुसऱ्या गटात ९२ टक्के. दुष्परिणामांत लक्षणीय फरक नव्हता. कोरियात अशाच प्रकारचा अभ्यास झाला. तिथे फरक इतका मोठा नव्हता आणि तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम सिद्धही झाला नाही. पण कल त्याच दिशेचा होता आणि कमी सिटिंग घेतलेल्यांचे कोणतेही नुकसान झाले नाही.

औषधोपचारात सहसा जास्त फायदा हवा तर जास्त पैसे मोजावे लागतात. इथे कमी दिवस, कमी खर्च आणि निकाल तितकाच किंवा अधिक चांगला, असा दुर्मीळ योग आहे.

इंग्लंडमध्ये तर याहून आखूड वेळापत्रके अनेक वर्षे रुळलेली आहेत. तिथे २० सिटिंगमध्ये ५५ ग्रे देतात. मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात पहिल्या टप्प्यातील २०० रुग्णांना केवळ १६ सिटिंगमध्ये ५० ते ५२.५ ग्रे दिले गेले आणि पाच वर्षांनंतर सुमारे ९३ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात होता.

परळचा स्वतःचा अनुभव

हे सगळे परदेशातले, आपल्याकडे चालेल का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण परळला हा प्रयोग नवा नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९७५ ते २००० या काळात उपचार घेतलेल्या पहिल्या टप्प्यातील ६५२ रुग्णांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात दोन वेळापत्रके होती : १५ सिटिंगमध्ये ५० ग्रे, म्हणजे तीन आठवडे, किंवा २४-२५ सिटिंगमध्ये ६० ते ६२.५ ग्रे, म्हणजे पाच आठवडे. आजार आटोक्यात राहण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या आढाव्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची. काही रुग्णांच्या स्वरयंत्रावरची सूज दीर्घकाळ टिकली आणि ज्यांच्या मानेवर किरणांचा चौकोन मोठा ठेवला होता, त्यांच्यात ती अधिक होती. म्हणजे सिटिंग कमी करताना चौकोन लहान आणि नेमका ठेवणे आवश्यक. ती काळजी घेतली तर आखूड उपचार आपल्या रुग्णांनाही मानवतो. मशीन मोजकी आणि रुग्णांची रांग लांब, अशा दिवसांत निवडलेली ही पद्धत काळाच्या कसोटीवर टिकली.

हा आढावा मागे वळून केलेला होता. चिठ्ठ्या टाकल्यासारखी रुग्णांची विभागणी करून केलेल्या अभ्यासाइतके वजन त्याला देता येत नाही. शिवाय गाठ मोठी असेल, ती स्वरतंतूच्या पलीकडे गेली असेल, तर वेळापत्रक वेगळे ठरते. म्हणून ‘मला पंधराच द्या’ असा हट्ट धरणे योग्य नाही. पण ‘माझ्या बाबतीत कमी सिटिंग चालतील का?’ हे विचारणे नक्कीच योग्य आहे.

नवे यंत्र, किती फायदा?

बिल वाढते ते मुख्यतः तंत्रामुळे. सर्वांत साधी पद्धत म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर पाच-सहा सेंटीमीटरच्या चौकोनातून किरण सोडणे. त्यापुढची थ्री-डी पद्धत. यात सीटी स्कॅनवर आखणी होते. त्यापुढे आयएमआरटी, यात किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करून शेजारचे अवयव वाचवले जातात. खासगी रुग्णालयांत आयएमआरटीचे बिल अनेकदा साध्या पद्धतीच्या दुपटीहून अधिक होते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात आता प्रोटॉन उपचारही उपलब्ध आहे. तो सर्वांत महागडा.

आयएमआरटीचा फायदा खरा आहे, पण तो कोणाला, हे पाहायला हवे. जीभ, टॉन्सिल किंवा घशाच्या वरच्या भागाच्या कॅन्सरमध्ये किरणांच्या वाटेत लाळग्रंथी येतात. त्या जळाल्या की तोंड कायमचे कोरडे पडते आणि भाकरीचा घास गिळायलाही पाणी लागते. इंग्लंडमधील एका अभ्यासात वर्षभरानंतर कोरडेपणाचा लक्षणीय त्रास साध्या पद्धतीत ७४ टक्क्यांना आणि आयएमआरटीत ३८ टक्क्यांना होता. तिथे जास्तीचा पैसा वसूल होतो.

सुरुवातीच्या स्वरतंतूच्या कॅन्सरमध्ये मात्र किरणांचा चौकोन कंठमण्यापुरताच असतो. मोठ्या लाळग्रंथी त्यापासून दूर राहतात. जे मुळात धोक्यात नाही, ते वाचवण्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नसतो. आयएमआरटीच्या बाजूने एक मुद्दा उरतो : मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या रक्तवाहिन्यांना कमी किरण लागतात. त्यामुळे अनेक वर्षांनी येणाऱ्या पक्षाघाताचा धोका कमी व्हावा, अशी अपेक्षा आहे. वय कमी असेल किंवा मानेला पूर्वी किरण दिले असतील, तर हा विचार जरूर व्हावा. सत्तरीच्या माणसासाठी त्याचे वजन कमी आहे. त्याच्या रक्तवाहिन्यांसाठी बिडी सोडणे, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे अधिक मोलाचे.

उलट बाजूने, जुन्या कोबाल्ट यंत्राचे नाव ऐकले की अनेक जण नाक मुरडतात. शरीराच्या खोल भागातल्या कॅन्सरसाठी नवी लिनॅक यंत्रे सरस आहेत, यात वाद नाही. पण स्वरतंतू त्वचेपासून फार खोल नसतात. कोबाल्टच्या किरणांचा जोर त्वचेखाली अर्ध्या सेंटीमीटरवर पूर्ण होतो, तर नेहमीच्या लिनॅकच्या किरणांचा सुमारे दीड सेंटीमीटरवर. फारच उच्च ऊर्जेचे किरण वापरले, तर स्वरतंतूंच्या पुढच्या टोकाला मात्रा कमी पडण्याची भीती असते. म्हणून या आजारात कमी ऊर्जेचे किरणच पसंत केले जातात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्रच आहे. त्याची मर्यादा एवढीच की, कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते. मग तेवढीच मात्रा द्यायला दुप्पट वेळ लागतो आणि कोबाल्ट बदलावे लागते.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे फक्त आजारी स्वरतंतूवरच १६ सिटिंगमध्ये किरण देण्याची पद्धत विकसित झाली आहे. त्यातून आवाज अधिक चांगला राहतो, असे सुरुवातीचे निष्कर्ष आहेत. अशा उपचाराला रोज स्कॅन करून जागेची खात्री करावी लागते, म्हणून दर सिटिंगचा खर्च जास्त. पण सिटिंग निम्म्याच. नवे तंत्र दिवस कमी करत असेल, तर त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

घरचा हिशेब

आता दुसरा, न छापलेला आकडा. समजा, वरळीतला एक रुग्ण दिवसाला ८०० रुपये कमावतो आणि सोबत येणारा मुलगा ६०० रुपये. बेस्टचे तिकीट १० रुपये धरले, तर दोघांच्या जाण्या-येण्याचे ४० रुपये. चहा-नाश्ता, जेवण १०० रुपये. म्हणजे रुग्णालयाने एक रुपयाही घेतला नाही, तरी एका सिटिंगची घरच्यांना पडणारी किंमत १,५४० रुपये.

३३ सिटिंगचे होतात ५०,८२० रुपये. २८ सिटिंगचे ४३,१२०. वीस सिटिंगचे ३०,८००. आणि १६ सिटिंगचे २४,६४०. म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड वेळापत्रकात २६,१८० रुपयांचा फरक. आकडे आपापल्या मिळकतीप्रमाणे बदलून घ्यावेत. हिशेबाची रीत तीच.

बीड किंवा सिंधुदुर्गातून आलेल्यांना शनिवार-रविवारही मोजावे लागतात. ३३ सिटिंग म्हणजे मुंबईत ४५ दिवस, १६ सिटिंग म्हणजे २२ दिवस. शिवाय साचा बनवणे, स्कॅन आणि आखणी यांचे आधीचे दिवस वेगळे. वरळीत भावकी नसेल, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती यांचा आधार असतो. पण तिथेही खाटा मर्यादित.

हाच हिशेब रुग्णालयाच्या बाजूनेही मांडता येतो. भारतात दर दहा लाख लोकांमागे रेडिएशनचे एक यंत्रही नाही. एका यंत्रावर ३,३०० सिटिंग उपलब्ध असतील, तर ३३ च्या वेळापत्रकाने १०० रुग्णांचे उपचार होतील; वीसच्या वेळापत्रकाने १६५ आणि सोळाच्या वेळापत्रकाने २०६. रांगेत थांबलेल्या माणसाची गाठ थांबत नाही, म्हणून या फरकाला पैशापलीकडेही किंमत आहे.

खाडा सर्वांत महाग

पाचव्या आठवड्यात घशाची आग होते, गिळताना दुखते, मानेची कातडी काळवंडते आणि हातातले पैसेही संपत आलेले असतात. नेमक्या याच वेळी ‘चार दिवस गावाला जाऊन येतो’ असे होते. उपचार ठरल्यापेक्षा लांबला, तर दर दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने किंवा त्याहून थोडी अधिक घटते. आठवडाभराचा खाडा म्हणजे किती मोठे नुकसान, हे यावरून लक्षात येईल. सण, लग्न किंवा यंत्राची दुरुस्ती यांमुळे सिटिंग चुकलीच, तर ती शनिवारी किंवा त्याच आठवड्यात भरून काढता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

आजार परत आला तर पुढचा उपचार बहुधा ऑपरेशनचा असतो. त्यात कधी पूर्ण स्वरयंत्र काढावे लागते आणि मानेतल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो. तो खर्च पहिल्या उपचाराच्या कितीतरी पट आणि गेलेला आवाज कोणत्याही योजनेतून परत मिळत नाही. उपचार चालू असताना बिडी चालू ठेवणे हाही एक प्रकारचा खाडाच. धुरामुळे रक्तातला प्राणवायू घटतो आणि किरणांचा परिणाम कमी होतो.

लेझरचा पर्याय

गाठ लहान आणि सोयीच्या जागी असेल, तर तोंडातून दुर्बीण घालून लेझरने ती काढता येते. काम एक-दोन दिवसांत होते, आजार बरा होण्याचे प्रमाण रेडिएशनइतकेच असते आणि एकूण खर्च बहुधा कमी. पुढे गरज पडली तर रेडिएशनचा पर्यायही शिल्लक राहतो. मात्र फिनलंडमधील एका अभ्यासात दोन वर्षांनंतर रेडिएशन घेतलेल्यांचा आवाज कमी हवा जाणारा, अधिक स्पष्ट आढळला. त्यामुळे कीर्तनकार, शिक्षक, रिक्षाच्या रांगेत हाका देणारा किंवा भाजी विकणारा माणूस यांचा निर्णय घरी बसून असलेल्या निवृत्ताच्या निर्णयापेक्षा वेगळा असू शकतो. कान-नाक-घसा सर्जन आणि रेडिएशन तज्ज्ञ, दोघांचेही मत घ्यावे.

काय विचारावे, कुठे विचारावे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत संलग्न रुग्णालयांत रेडिएशनचा समावेश आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यावी लागते. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठीचा अर्ज रुग्णालयातूनच मिळतो. राहण्याची सोय, एसटीची सवलत आणि धर्मादाय मदत यांसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जावे. हे सारे पहिल्याच आठवड्यात करावे. पैसे संपल्यावर नव्हे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजके आहेत. आजार कोणत्या टप्प्यात आहे? किती सिटिंग ठरवल्या आहेत आणि त्याहून कमी चालतील का? महागडे तंत्र सुचवले असेल, तर त्याने माझ्या घशात नेमके काय वाचणार आहे? लेझरने काम होईल का? या प्रश्नांचा कोणत्याही डॉक्टरला राग येण्याचे कारण नाही. रुग्णाने किंवा त्याच्या मुलाने ते वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरेही तिथेच लिहून घ्यावीत.

खर्चाचा सर्वांत मोठा फरक मात्र यंत्र ठरण्याच्या खूप आधी पडतो. स्वरतंतूपुरता आजार तीन ते सात आठवड्यांच्या शेकाने बरा होतो. तोच गळ्यात पसरल्यावर रेडिएशन, केमोथेरपी, नाकातली नळी आणि मोठे ऑपरेशन यांची साखळी सुरू होते. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढून दुर्बिणीची तपासणी करून घ्यायला एक सकाळ लागते. तीन आठवडे बसलेल्या आवाजासाठी ती एक सकाळ काढावी.